खिंडीत न ठेवलेला दगड

रावजी,

तुझ्या अंगणातला दगड पाठीवर बांधून मी परवा खिंडीपर्यंत चढलो आणि तो तसाच परत घेऊन उतरलो. वहिनींनी पाहिलं, बाजाराला निघालेल्या तुझ्या गावच्या चार माणसांनी पाहिलं. एव्हाना रत्नागिरीच्या पेठेतही बातमी पोचली असेल, की दत्तारामशेटनं मेलेल्या मित्राचा दगडसुद्धा देवीपाशी ठेवला नाही. बोलू देत. वर काय झालं ते पेठेला ठाऊक नाही. तुला सांगायला हवं, म्हणून लिहितो आहे.

रिवाज तुला मी काय सांगणार? घाटाची वाट ज्याच्या जोडीनं चाललो तो गेला, की त्याच्या दारचा एक दगड जोडीदारानं पाऊस लागायच्या आत वर न्यायचा आणि खिंडीतल्या देवीसमोरच्या ढिगात ठेवायचा. मयताशी काही भांडण राहून गेलं असेल तर ते आधी देवीसमोर मोठ्यानं बोलायचं. मनात एक ठेवून हातानं दगड ठेवायचा नाही. आणि एकदा ठेवला की ते भांडण मिटलं, पुन्हा त्याचा उच्चार नाही. म्हातारा तानू आपल्या जोडीदाराचा दगड घेऊन आला होता तेव्हा आपण दोघं तिथे होतो. पळवलेल्या बकरीवरून त्यानं त्या मेलेल्या माणसाला दुपार कलेपर्यंत शिव्या दिल्या, मग दगड ठेवला आणि त्याच्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. तू तोंडात धोतराचा सोगा कोंबून हसत होतास. उतरताना मला म्हणालास, "माझ्या वेळेला वाईच आटपतं घे हां. लोकांना बाजार असतो."

आटपतं घेणं मला जमलं नाही.

आपण दोघं एकाच व्यापाऱ्याचे ओझेकरी म्हणून सुरुवात केली. बंदरावरून आलेल्या सुक्या बांगड्याच्या पाट्या घाटाच्या पायथ्याशी, तुझ्या गावात, गाडीतून उतरायच्या. तिथून त्या डोक्यावर घ्यायच्या, सह्याद्री चढायचा, वरच्या आठवडी बाजारात माल उतरवायचा आणि गुळाच्या ढेपा घेऊन खाली यायचं. होळीपासून मिरगापर्यंत हेच. पाटी उतरवली की मी बाजारात उभा राहून भाव कसा फुटतो ते बघायचो. तू वडाखाली घोरत पडायचास. काही उन्हाळ्यांनी मी त्या व्यापाऱ्याला रामराम केला आणि स्वतःचा माल घेतला. तुला म्हटलं, भागीदार हो. तू म्हणालास, "जल्ला तुझा बाजार! माणसं मी वर आणतो, माल तू बघ." असा मी शेट झालो आणि तू रावजीच राहिलास. त्यानंतर मला दत्ताराम म्हणून हाक मारणं तू जवळजवळ सोडलंस. "काय शेट, दमलात? पाय चेपू?" हे सगळ्या माणसांसमोर, आणि मी धापा टाकत असताना.

चालण्यात तू लबाड होतास, हेही लिहून ठेवतो, कारण मेलेल्या माणसाचे फक्त गुण सांगायची पद्धत मला पटत नाही. दर वळणावर म्हणायचास, "ही शेवटची चढण." नव्या माणसांना ते खरं वाटायचं. पाणी नेहमी कमी आणायचास आणि माझ्या तांब्यावर डोळा ठेवायचास. पहाटे डोंगराच्या सोंडेच्या टोकावर उभा राहून समुद्राची रेघ दिसते म्हणायचास. मला ती एकदाही दिसली नाही.

पण आतली वाट तुला दिसली, हे मला मान्य करावंच लागतं.

त्या वर्षी उन्हाळा वाईट होता. नेहमीच्या मोठ्या घाटातल्या टाक्यावर हिरवा तवंग आला होता आणि माणसं तो बाजूला सारून पीत होती. आपण कातळाच्या सावलीत बसलो होतो. समोरच्या कड्याच्या अंगानं वानरांचा कळप खाली आला.

"शेट, त्या वानरिणीचं तोंड ओलं हाय," तू म्हणालास.

"एवढ्या लांबून तुला तोंड ओलं दिसलं?"

"तू भाव बघतोस. मी तोंडं बघतो. चल ऊठ."

करवंदीच्या जाळीतून अंग ओरबाडून घेत आपण चढलो. मी तुला, वानरांना आणि देवीला सारख्याच शिव्या देत होतो. आणि मग काळ्या कातळाच्या पोटात पाण्याची ती कोंड सापडली. पाणी इतकं गार, की दात ठणकले. तिथून कड्याच्या अंगाला एक अरुंद पट्टी जात होती, दुपारपर्यंत सावलीत असणारी, आणि ती थेट खिंडीच्या मागे निघत होती. मोठ्या घाटाला सकाळपासून तिन्हीसांजा व्हायच्या, आणि या वाटेनं आपण ऊन उतरायच्या आत माथ्यावर होतो. मी तिथेच हिशोब केला. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जो पोचतो तो भाव बोलतो. बाकीच्यांनी सकाळी येऊन तो ऐकायचा असतो. मी तुला म्हटलं, ही वाट आपली. तू पाणी पीत होतास. तू हो म्हणाला नाहीस, नाहीही म्हणाला नाहीस. तुझी ओंजळ भरलेली होती. मी ती संमती धरली.

त्या वाटेनं आपण किती सुखानं चाललो, ते तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही. वणव्यानं गवत जळून डोंगर काळा झालेला, आणि मधेच एखादी अंजनी निळ्याजांभळ्या फुलांनी खोडापासून शेंड्यापर्यंत लगडलेली. धोतरात रुतलेली कुसळं कोंडीवर बसून काढायची. डोक्यावरून शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घ्यायचं की तू सगळी रांग थांबवायचास. डोक्यावर ओझी घेतलेली माणसं माना वर करून बघत उभी राहायची आणि मी मागून ओरडायचो. वैशाखात करवंदं पिकली की तू चुंबळीत भरून वहिनींसाठी न्यायचास, आणि घरी पोचेपर्यंत तुझ्या कपाळावरून काळा रस ओघळलेला असायचा. एकदा माल विकून झाल्यावर तू म्हणालास, आज ओझं न घेता चालू. कुठे? माथ्यामाथ्यानं, पुढच्या खिंडीपर्यंत. कशाला? "असंच." मी म्हटलं, रिकाम्या डोक्यानं चालायला मला वेड लागलेलं नाही. पण आलो. दिवसभर डोंगराच्या कण्यावरून चाललो, एका हाताला कोकण, दुसऱ्या हाताला देश, आणि मधे वाऱ्यात आपण दोघं.  माझ्या आयुष्यात मी काहीच विकलं किंवा घेतलं नाही असे दिवस थोडे आहेत, त्यांतला हा मी अजून जपून ठेवला आहे. हे तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर तू चिडवून जीव नकोसा केला असतास.

आता भांडणाचं.

आरे-वाऱ्याकडची भागी खारवीण स्वतःची सुकी मासळी घेऊन घाट चढायची. आपली माणसं दर बाजाराला पुढे कशी, हे तिला सहन होईना. एका वैशाखात ती लांबून आपल्या मागावर राहिली. करवंदीच्या जाळीत वाट फुटते तिथे आपण दिसेनासे झालो आणि ती खालच्या फाट्याला लागली, जो कड्यावर जाऊन संपतो. बाजार करून परतताना तू तिचा आवाज ऐकलास. ती हाका मारत नव्हती, शिव्या देत होती. तुला, मला, आपल्या दोघांच्या खापरपणज्यांना. ओठ फुटलेले, पाटी कवटाळून कड्याच्या तोंडाशी बसली होती. एक अख्खी रात्र आणि दिवस पाण्यावाचून काढला होता. तू तिला घोटघोट पाणी पाजलंस. जीव आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "लपून चालणाऱ्या मेल्यांनो, वाट काय तुमच्या बापसानं बांधलान?"

मी हसलो. तू हसला नाहीस.

पुढच्या वर्षी होळी झाली आणि मी माल घेऊन आलो, तर जाळीपाशी दगडावर दगड रचलेले, वर चुन्याचा हात फिरवलेला. पुढच्या फाट्यावर तसंच. कोंडीपाशी तसंच. थेट खिंडीपर्यंत.

"हे काय?"

"खुणा."

"कोणी लावल्या?"

"माझ्या हाताला चुना हाय. आता आणि काय विचारतोस?"

त्या आठवड्यात सगळा घाट आदल्या संध्याकाळीच बाजारात हजर. भागी माझ्या शेजारी पाटी मांडून बसली आणि माझ्या आधी तिनं भाव बोलला. परत आल्यावर तुझ्या अंगणात आपलं जे वाजलं ते गावानं ऐकलं. गावाला वाटलं, शेटचा धंदा बसला म्हणून शेट भडकला. धंदा काही बसला नाही. मी दुसऱ्या रीतीनं कमावलं, तेवढी अक्कल मला आहे. माझं म्हणणं एकच होतं, आणि ते मी तेव्हाही ओरडून सांगितलं: मला विचारलं का नाहीस?

"विचारलं असतं तर नाय म्हणाला असतास," तू म्हणालास.

"म्हणालोच असतो!"

"मग झालं तर." आणि तू गुरांना पाणी दाखवायला निघून गेलास.

रावजी, मी जन्मभर 'नाही'नं सुरुवात करत आलो आहे. गूळवाल्याला आधी नाही, गाडीवाल्याला नाही. माझं लग्न नाही म्हणून सुरू झालं, आणि माझ्या सासऱ्याला त्यातलं मर्म कळलं म्हणून ते झालं. माझं 'नाही' म्हणजे ये, बस, बोल. माझ्या जोडीनं चाललेला, माझ्या तांब्यातलं पाणी प्यालेला माणूस हे जाणत नव्हता? पेठेतल्या अनोळखी गिऱ्हाइकाशी मी घासाघीस करतो, कारण तो माझ्यासमोर उभा राहिलेला माणूस आहे. तू माझ्याशी तेवढीही केली नाहीस. माझ्या आत कुठे 'हो' असेल असं तुला वाटलंच नाही. हे माझं दुखणं. वाट गेल्याचं नाही.

त्यानंतर आपण बोलणं टाकलं नाही. मी तुझ्याकडे जेवलो, तुझ्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा राहिलो. पण त्या विषयाला तूही शिवला नाहीस, मीही नाही. दर होळीनंतर तू चुना घेऊन वर जायचास, गुरांनी आणि पावसानं पाडलेल्या खुणा पुन्हा रचायचास. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. मग मोटारीचा रस्ता झाला. माझा माल मोटारीत चढला आणि मीही तिच्यात बसू लागलो. वाटेवर राहिल्या त्या पाटी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायका आणि तू.

या हिवाळ्यात तुला बघायला आलो तेव्हा तू घोंगडीत गुंडाळून पडवीत बसला होतास. ताप उतरत नव्हता. तू विचारलंस, "औंदा येशील ना वर?" मी म्हटलं, "येईन की, मोटारीनं." तू हसलास, खोकलास, आणि वहिनींना मला ताक द्यायला सांगितलंस. पुढचं बोलणं मी मनात लावून आलो होतो. पण अंथरुणावरच्या माणसाशी भांडू नये, बरा झाला की बघू, म्हणून उठलो. फाल्गुनात माणूस निरोप घेऊन आला तेव्हा मी दुकानात तराजू धरून उभा होतो. समोरचं माप मी पुरं केलं. मग आत जाऊन बसलो.

परवा सकाळी वहिनी पदर खोचून तयारच होत्या. "दगड तुम्ही घ्या, भावजी. चुना मी घेतलाय." करवंटीत कालवलेला चुना, वर फडकं बांधलेलं. मी म्हटलं, तो कशाला? त्या म्हणाल्या, "औंदा कोण गेला होता खुणा लावायला?"

कोणी गेलं नव्हतं. जाळीपाशी नुसते दगड विखुरलेले. वहिनी खाली बसल्या, एकावर एक दगड चढवला, चुना फासला. मी उभा राहून वारा घेत होतो. त्यांनी मला हात लावायला सांगितलं नाही आणि मी लावला नाही. त्या कामाला माझी संमती कोणी घेतली नव्हती. मागून बायका पाट्या घेऊन येत होत्या, खूण बघून वळत होत्या, आणि पाटी हातानं धरून वहिनींसमोर क्षणभर गुडघ्यात वाकून पुढे जात होत्या. तुझं नाव कोणी घेत नव्हतं. कोंडीवर मी तांब्या भरला. कोंड तशीच आहे, पाणी तसंच गार आहे, आणि तांब्याकडे बघणारं कोणी नाही, हे मला तिथे एकदम कळलं. मी तोंड धुतलं. वहिनी दुसरीकडे बघत बसल्या.

खिंडीत मी दगड देवीसमोर टेकवला, ढिगात नाही, आणि बोललो. वर लिहिलं ते सगळं बोललो. आवाज चढला. बाजाराला चाललेली तुझ्या गावची माणसं थांबली. मी काही आटपतं घेतलं नाही.

वहिनी पाय पसरून बसल्या होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "संपलं?"

"वहिनी, तो यावर तुमच्याशी कधी बोलला?"

"एकदा बोलले."

"काय?"

"म्हटलानी, दत्ताला विचारलं असतं तर शेवटी तो हो म्हणाला असता."

अरे रावजी! म्हणजे तुला ठाऊक होतं.

"मग विचारलं का नाही?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणतात, तो हो म्हणाला असता आणि मग जन्मभर सांगत फिरला असता, की ही वाट मी दिली. भागी वर जाताना दत्तारामशेटचं नाव घेत गेली असती. वाट काय कोणी कोणाला द्यायची वस्तू हाय?"

मी भडकलो. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दिली असती म्हणजे दिलीच असती ना? माणसानं काही सोडलं तर ते चारचौघांत सांगायचासुद्धा हक्क नाही? आणि वाट कोणाची नसेल, तर मग ती तुझ्या चुन्यानं का रंगवायची? मी देवीकडे तोंड करून हे विचारत होतो आणि वहिनी हसायला लागल्या. फाल्गुनापासून पहिल्यांदाच हसत असाव्यात, कारण हसता हसता त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला.

"दगड ठेवताय ना, भावजी? माणसं खोळंबलीत."

मी दगडाकडे बघितलं. ठेवला की बोलणं संपलं, हा रिवाज. आणि इतक्या वर्षांनी तू पहिल्यांदा उत्तर दिलं होतंस. आता बोलायची पाळी माझी होती, आणि माझ्याजवळ राग होता, पण नीट उत्तर नव्हतं.

"नाही ठेवत," मी म्हटलं.

"नका ठेवू," वहिनी म्हणाल्या. "त्यांना पण भांडायला कोणीतरी लागतंच."

दगड पुन्हा पाठीला बांधला. उरलेल्या चुन्याची करवंटी वहिनींनी माझ्या हातात दिली आणि त्या पुढे उतरू लागल्या. कोंड मागे पडली, पट्टी संपली, जाळी आली. तिथे थांबलो. खालून चढताना तुझी खूण समोर दिसते. वरून उतरणाऱ्याला ती करवंदीआड जाते, आणि दमलेलं माणूस, डोक्यावर ढेप असलेलं, सरळ कड्याच्या फाट्याला लागेल. इतक्या वर्षांत हे तुझ्या ध्यानात आलं नाही. तू नेहमी चढणाऱ्याचाच विचार केलास. मी दगड गोळा केले, वरच्या अंगाला रचले, एक निसटून पायावर आला, पुन्हा रचले, आणि चुन्यात हात घालून वरपासून खालपर्यंत फिरवला. खूण वेडीवाकडी झाली आहे, पण लांबून दिसते. वहिनी वळणापलीकडे गेल्या होत्या. मी कोणाला विचारलं नाही.